बूट, दात आणि करदोडा

वाचकांचे प्रश्न. उत्तरं देत आहेत रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनारपट्टीवरच्या ठाण्यांत नोकरी केलेले एक निवृत्त हवालदार.

गेल्या अंकात अनोळखी मृतदेहाचा पंचनामा कसा होतो, याबद्दल मी थोडं लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली चार लहान मुलांबद्दल आहेत. म्हणून या वेळी जमिनीचे वाद आणि सातबाऱ्याचे प्रश्न बाजूला ठेवले आहेत. नोकरीची शेवटची बरीच वर्षं मी मुद्देमाल कारकून होतो. गुन्ह्यातली, अपघातातली, बेवारस प्रेतांवरची प्रत्येक वस्तू माझ्या कपाटातून जात असे. त्यामुळे माझी उत्तरं वस्तूंकडे वळतात, आणि या विषयात ती तशी वळलेलीच बरी, असं मला वाटतं.

"नववीच्या वर्गाला अवांतर म्हणून मी फिलाडेल्फियातल्या 'खोक्यातल्या मुला'ची हकिकत सांगितली. 1957 मध्ये सापडलेल्या त्या मुलाचं नाव 2022 मध्ये कळलं, पण त्याला कोणी मारलं ते अजून कळलेलं नाही. एका मुलीने विचारलं, 'बाई, मारणारा सापडलाच नाही, तर नाव कळून काय झालं?' मला नीट उत्तर देता आलं नाही. तुम्ही काय सांगितलं असतं?"
एक शिक्षिका, गुहागर तालुका

बाई, हा प्रश्न ठाण्यातही निघतो, फक्त इतक्या सरळपणे कोणी विचारत नाही. आधी हकिकत पुरी सांगतो, कारण मुलीचं उत्तर तिच्यातच आहे.

25 फेब्रुवारी 1957. फिलाडेल्फिया शहराच्या कडेला फॉक्स चेस नावाचा भाग, सस्क्वेहाना रोडलगतची झुडपं. तिथे एक पुठ्ठ्याचं खोकं पडलेलं होतं, तान्ह्या बाळाच्या पाळण्याचं. आत चौकटीच्या घोंगडीत गुंडाळलेला मुलगा. अंगावर कपडा नाही, अंग धुतलेलं, नखं कापलेली, केस कसेतरी भादरलेले आणि त्यांचे पुंजके अंगाला चिकटलेले. हाडं दिसावीत इतका रोड, अंगभर मारहाणीच्या खुणा. हनुवटीखाली जुना व्रण, घोट्याजवळ आणि जांघेत शस्त्रक्रियेचे व्रण. वय चार ते सहाच्या मध्ये असावं, असा अंदाज झाला. थंडी कडक असल्यामुळे मृत्यू किती दिवसांपूर्वीचा तेही पक्कं सांगता येईना.

पोलिसांनी काय करायचं बाकी ठेवलं? खोकं कुठून आलं ते शोधलं, तर अप्पर डार्बी इथल्या एका दुकानातून रोखीने विकलं गेलेलं निघालं. जवळ एक निळी टोपी सापडली, तिच्यावरच्या चिठ्ठीवरून टोपी शिवणारीपर्यंत पोचले. मुलाच्या बोटांचे आणि पावलांचे ठसे घेतले, पावलांचे ठसे इस्पितळांतल्या नोंदींशी ताडून पाहिले. त्याला कपडे घालून, बसवून फोटो काढला, की कोणाला तरी ओळख पटेल. सुमारे चार लाख पत्रकं छापली आणि ती घरोघरी गॅसच्या बिलाबरोबरसुद्धा पाठवली. एक माणूस पुढे आला नाही. शेवटी बेवारशांच्या दफनभूमीत त्याला मूठमाती दिली आणि त्याच्या डोक्याशी लावलेल्या दगडाचे पैसे तपास करणाऱ्यांनी आपल्या खिशातून भरले. रेमिंग्टन ब्रिस्टो नावाचा शवचिकित्सा कचेरीतला एक तपासनीस तर 1993 मध्ये मरेपर्यंत याच मुलाच्या मागे होता, पदरमोड करून.

1998 मध्ये कबर उघडून दातातून डीएनए घेतला. त्यातून आईकडच्या वंशाची खूण मिळाली, नाव मिळालं नाही. त्यानंतर मुलाला आयव्ही हिल दफनभूमीत हलवलं आणि दगडावर 'अमेरिकेचं अनोळखी मूल' असं कोरलं. 2019 मध्ये पुन्हा कबर उघडली. तोवर शास्त्र पुढे गेलं होतं. जुन्या, झिजलेल्या डीएनएवरूनही दूरचे चुलत-मावस नातेवाईक शोधायचे, त्यांची वंशावळ मांडायची आणि तिच्यातून उलटं खाली यायचं, हे आता जमू लागलं होतं. 8 डिसेंबर 2022 रोजी पोलिसांनी नाव जाहीर केलं : जोसेफ ऑगस्टस झरेली, जन्म 13 जानेवारी 1953. म्हणजे सापडला तेव्हा नुकताच चार पूर्ण झालेला. आईवडील दोघेही वारलेले होते. भावंडं हयात आहेत.

आता मुलीचा प्रश्न. बाई, तिला विचारा की 1957 साली त्या पोलिसांकडे काय नव्हतं? खोकं होतं, टोपी होती, घोंगडी होती, व्रण होते, माणूसबळ होतं, वर्तमानपत्रं मदतीला होती. नव्हतं ते फक्त नाव. आणि नाव नाही म्हणून पहिला प्रश्नच विचारता येईना. खुनाच्या तपासात आम्ही सगळ्यात आधी विचारतो, याला शेवटचं कोणी पाहिलं? 'याला' म्हणजे कोणाला, हेच ठाऊक नसेल तर कोणाच्या दारात जाणार? घर कुठलं, शेजारी कोण, घोट्यावर कापणारा डॉक्टर कोण, रात्री रडण्याचा आवाज कोणी ऐकला, हे सगळे प्रश्न नावाच्या मागोमाग येतात. नाव त्याच आठवड्यात मिळालं असतं तर जबाब देणारे डझनावारी मिळाले असते. 65 वर्षांनी मिळालं तेव्हा बहुतेक जबाब स्मशानात गेले होते. तिकडच्या पोलिसांनी गुन्हा अजून उघडाच ठेवला आहे. आपल्याकडे अशा गुन्ह्यात आरोपी मिळाला नाही तर 'अ समरी' पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण करणारा मिळून आला नाही. तीही पुरावा आला की पुन्हा उघडता येते.

दुसरी गोष्ट तिला जरूर सांगा. या जगात त्या मुलाची भावंडं आहेत. आपल्याला एक भाऊ होता आणि त्याचं काय झालं, हे कळायचा त्यांना हक्क आहे. शिक्षा हा तपासाचा एक शेवट आहे. घरच्यांना खरं कळणं हाही तितकाच मोठा शेवट आहे, आणि मी ज्या आयांना ठाण्याच्या पायरीवर बसलेलं पाहिलं, त्यांतल्या बऱ्याच जणी आरोपीचं नाव नव्हे, मुलाचं काय झालं एवढंच विचारायच्या.

आणखी एक, जे पुढच्या पत्राला जोडून आहे. ते खोकं पहिल्यांदा दिसलं ते झुडपात उंदरासारख्या प्राण्यांसाठी सापळे लावणाऱ्या एकाला. सापळे पोलीस जप्त करतील या भीतीने तो गप्प बसला. नंतर एका कॉलेजातल्या मुलाने पाहिलं, तोही लगेच बोलला नाही. किती दिवस असे वाया गेले, आणि काय काय त्यात गेलं, याचा हिशेब आता कोणी मांडू शकत नाही.

"आम्ही मासेमारी करतो. मागे एका होडीच्या जाळ्यात लहान मुलाचं प्रेत आलं होतं असं ऐकलं. बोटीवरचे एक मालवणकडचे म्हातारे खलाशी म्हणतात, 'दर्याचा ता दर्याक सोड, पोलीस दिवस खातील.' खरंच तसं केलं तर काय होतं? आणि कळवलं तर आमची बोट अडकते का?"
एक मच्छीमार, हर्णै

दादा, म्हाताऱ्याची भीती खोटी नाही. पंच म्हणून सही केलेल्या माणसाला तारखांना बोलावतात, धंद्याचा दिवस बुडतो, हे मी नाकारत नाही. पण परत सोडू नका. कळवणाऱ्याची बोट नुसती कळवल्याने जप्त होत नाही. तुमचा जबाब होतो, कुठे आणि किती वाजता मिळालं ते लिहून घेतात आणि तुम्हाला मोकळं करतात. उलट, सोडून दिलंत आणि तेच प्रेत दोन दिवसांनी वेळासच्या वाळूवर लागलं, त्यात कोणीतरी तुमच्या खलाशाचं बोलणं सांगितलं, तर मात्र संशयाने बघतील आणि तेव्हा सांगायला तुमच्याकडे काही राहणार नाही.

करायचं ते असं. जीपीएसवरचा आकडा लगेच कागदावर लिहा, वेळ लिहा, पाण्याची ओढ कुठे होती ते लिहा. 112 ला किंवा जवळच्या सागरी पोलीस ठाण्याला कळवा. प्रेत धुऊ नका. कपडे, गळ्यातलं, कमरेचं काहीही काढू नका, जाळ्याचा धागा अडकला असेल तर प्रेताकडची बाजू तशीच ठेवून जाळं कापा. जाळ्याचं नुकसान होतं, ते मला कळतं. बंदरात आल्यावर ठाणे अंमलदार अकस्मात मृत्यूची नोंद घेईल. पूर्वी याला दंड प्रक्रिया संहितेचं कलम 174 म्हणायचे, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 194. पंचांसमोर मरणोत्तर पंचनामा होतो आणि मग शवविच्छेदन.

पाण्याची ओढ लिहा म्हणालो त्याला कारण आहे, आणि हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याचा प्रवाह उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो, थंडीत तो उलटा, दक्षिणेकडून उत्तरेकडे. ऑगस्टमध्ये हर्णैला काही लागलं तर विचारणा आधी रायगड, मुंबईकडे करायला हवी. डिसेंबरात लागलं तर सिंधुदुर्ग आणि गोव्याकडे. वाऱ्यामुळे फरक पडतो, खाडीच्या तोंडाशी तर भरती-ओहोटी सगळं उलटंपालटं करते, पण सुरुवात कुठून करायची हे तरी ठरतं. मी पाहिलेल्या बऱ्याच कागदांत वायरलेसचा मेसेज चारी दिशांना एकाच शब्दांत गेलेला असे : 'अनोळखी बालक, वय अंदाजे 4, रंग सावळा.' अशी सावळी, चार वर्षांची मुलं या किनाऱ्यावर घरोघरी आहेत. त्या मेसेजने कोणाची आई हलणार?

एका खाडीच्या मुखाशी पावसाळ्यात एक मुलगा आला होता. चेहरा ओळखण्याच्या पलीकडे. अंगात काही नाही, कमरेला तेवढा करदोडा. पंचनामा लिहिणाऱ्याने लिहिलं, 'कमरेस काळा दोरा.' मी मुद्देमाल ताब्यात घेताना तो दोरा हातात घेऊन पाहिला. तीन पदरांचा, हाताने वळलेला. पुढे तांब्याचा छोटा ताईत, आणि ताइताच्या दोन्ही बाजूंना दोन गाठी, म्हणजे तो सरकू नये म्हणून मारलेल्या. मागे जिथे दोरा जोडतात तिथे एक जादा टोक सोडलेलं होतं, चांगलं वीतभर, आणि ते गुंडाळून आत खोचलेलं. मूल वाढेल तसा करदोडा सैल करता यावा म्हणून कोणीतरी ते राखून ठेवलं होतं. आजीने असेल, आईने असेल. ते टोक पाहिल्यावर माझ्या मनात एकच आलं, की हे मूल टाकलेलं नाही, हे कोणीतरी वाढवत होतं आणि कोणीतरी याला शोधत असेल. मी साहेबांना सांगून पंचनाम्याला पुरवणी जोडायला लावली, पदर, गाठी, ताइताचा घाट, जादा टोक, सगळं. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घेतला.

वारस मिळाला नाही. काही वर्षांनी जुन्या मुद्देमालाच्या निकालीचा हुकूम आला. कपाटं भरतात, जागा लागते, मला ती अडचण पूर्ण ठाऊक आहे. यादीत तो करदोडाही होता. 'किंमत : शून्य' असं त्याच्यापुढे लिहिलं होतं. मी शेरा मारला की ओळख पटलेली नाही, वस्तू ओळखीची आहे, राखून ठेवावी, आणि त्या वेळच्या साहेबांनी तो मान्य केला. निवृत्त होताना मी ते पाकीट रजिस्टरला नोंद दाखवून पुढच्या कारकुनाच्या हाती दिलं.

सध्या ठाण्यांत काम करणारे कोणी हे वाचत असतील तर त्यांना हात जोडून सांगतो. ओला कपडा, ओला दोरा प्लॅस्टिकच्या पिशवीत मोहरबंद करू नका, आठवड्यात कुजतो आणि त्यावरचा डीएनएही जातो. सावलीत, वाऱ्यावर वाळवा, कागदी पाकिटात घाला, मग लाखेची मोहर लावा. डीएनएसाठी काढलेलं हाड किंवा दात फॉर्मॅलिनमध्ये बुडवू देऊ नका. आणि अनोळखी मूल जाळू नका, पुरा, खड्ड्याची जागा खुणेनिशी लिहून ठेवा. आपल्याकडे तान्ह्यांना तशीही मूठमातीच देतात. फिलाडेल्फियाच्या मुलाला नाव मिळालं, कारण तो जमिनीत होता.

"रामदास बोटीच्या हकिकती ऐकत आम्ही वाढलो, त्यामुळे टायटॅनिकबद्दल मिळेल ते वाचतो. तिच्यावरच्या अनोळखी बाळाला आधी एक नाव दिलं आणि पाच वर्षांनी दुसरं. मग डीएनए चुकतो का? आणि चुकत असेल तर त्यावर विसंबायचं कसं?"
एक निवृत्त बँक कर्मचारी, अलिबाग

रेवसला निघालेली 'रामदास' 17 जुलै 1947 ला बुडाली आणि 600 च्या वर माणसं गेली. अलिबागकरांना बुडालेल्या बोटीचं दुःख मी काय समजावून सांगणार. तुमच्या प्रश्नाकडे येतो.

टायटॅनिक एप्रिल 1912 मध्ये बुडाल्यावर 'मॅके-बेनेट' हे जहाज प्रेतं गोळा करायला गेलं. त्याला मिळालेलं चौथं प्रेत एका लहानग्याचं होतं. कोणी मागायला आलं नाही, तेव्हा त्या जहाजावरच्या खलाशांनीच वर्गणी काढून कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये त्याचं दफन केलं, 4 मे 1912 रोजी. 2001 मध्ये कबर उघडली तेव्हा हाती काय आलं? हाडाचा सहा सेंटिमीटरचा तुकडा आणि तीन दात. बाकी सगळं ओल्या मातीने खाल्लेलं.

त्या दातांवरून वय साधारण वर्षभराचं धरलं आणि डीएनए फिनलंडच्या एका कुटुंबाशी जुळला. 2002 मध्ये नाव जाहीर झालं, एइनो पानुला, वय 13 महिने. आता यातली मेख पाहा. इतक्या जुन्या हाडातून मिळाला तो फक्त आईकडून येणारा डीएनए, आणि त्याचाही एक लहान तुकडा. तसा तुकडा एकमेकांशी काही संबंध नसलेल्या हजारो माणसांत सारखा असू शकतो. चाचणी म्हणत होती, 'हे मूल या घरचं असू शकतं.' ऐकणाऱ्यांनी ऐकलं, 'आहे.' चूक घडली ती या दोहोंच्या मधल्या जागेत.

आणि ती उघड कशी झाली? बुटांमुळे. 1912 मध्ये टायटॅनिकच्या मृतांचे कपडे हॅलिफॅक्समध्ये जाळून टाकत होते, आठवण म्हणून लोक पळवतील म्हणून. क्लॅरेन्स नॉर्थओव्हर नावाच्या पोलीस सार्जंटला त्या बाळाचे तपकिरी चामड्याचे बूट आगीत टाकवेनात. त्याने ते आपल्या टेबलाच्या खणात ठेवले. पुढे ते त्याच्या घरी राहिले आणि 2002 मध्ये त्याच्या नातवाने हॅलिफॅक्सच्या सागरी संग्रहालयाला दिले. ते बूट पाहिल्यावर प्रश्न उभा राहिला, की तेरा महिन्यांच्या मुलाला एवढे मोठे बूट येतील कसे? त्यामुळे पुन्हा चाचणी झाली, या वेळी डीएनएचा जास्त मोठा भाग वाचला, आणि 2007 मध्ये खरं नाव कळलं. सिडनी लेस्ली गुडविन, इंग्लंडचा, 19 महिन्यांचा. आई, वडील, सहा मुलं, असे आठच्या आठ त्या बोटीवर होते आणि आठही गेले.

मी नॉर्थओव्हरला कधी भेटलो नाही, भेटणं शक्यही नव्हतं, पण हा माणूस माझ्याच कामाचा. वरून हुकूम जाळण्याचा होता. त्याच्या मागे कसलं शास्त्र नव्हतं, डीएनए हा शब्दही तेव्हा कोणी ऐकला नव्हता. लहान बूट होते आणि ते जाळवेनात, एवढंच. त्यामुळे एका फिनिश घराला मिळालेलं चुकीचं उत्तर दुरुस्त झालं आणि एका इंग्लिश मुलाला त्याचं नाव मिळालं.

तेव्हा डीएनएवर जरूर विसंबा, पण एकट्या डीएनएवर कधीच नको. सोबत बूट, दात, व्रण, शिवण, करदोडा, जे असेल ते ठेवून पाहा. लंडनला 2001 च्या सप्टेंबरमध्ये थेम्स नदीत एका मुलाचं धड सापडलं होतं. पोलिसांनीच त्याला ॲडम म्हटलं. त्याच्या अंगावरची केशरी चड्डी जर्मनीत विकली जाणारी निघाली आणि हाडांतल्या खनिजांवरून तो नायजेरियातल्या बेनिन सिटीच्या परिसरातला असावा, इथपर्यंत शास्त्रज्ञ पोचले. एवढं करूनही त्याचं खरं नाव आजवर पक्कं झालेलं नाही. शास्त्र दार दाखवतं, पण त्या दारातून बाहेर येऊन 'हा आमचा' म्हणणारं कोणीतरी लागतं.

"माझ्या मोठ्या भावाचा मुलगा तीन वर्षांचा असताना जत्रेत हरवला. त्याला खूप वर्षं झाली. तेव्हा पोलिसांनी मिसिंग म्हणून नोंद केली होती. दादा आणि वहिनी आता थकले आहेत. वहिनी रोज संध्याकाळी दार उघडं ठेवते. तुमचा मागचा लेख वाचून तिने मला लिहायला सांगितलं. आता काही करता येण्यासारखं आहे का?"
एक भगिनी, देवगड तालुका

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वहिनींना सांगा, करता येण्यासारखं आहे. सगळंच हाती लागेल असं मी म्हणणार नाही, पण बरंच करता येईल आणि ते आत्ता करायला हवं, कारण ती दोघं आत्ता आहेत.

पहिलं, पुतण्या जिवंत असेल हे धरूनच चाला. हरवलेल्या मुलांतली पुष्कळशी बालगृहांत, दुसऱ्या राज्यांत, दुसऱ्या नावांनी वाढतात. जिथे नोंद झाली त्या ठाण्यात जाऊन जुन्या नोंदीची नक्कल मागा. 10 मे 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की हरवलेल्या मुलाची तक्रार आली की पळवून नेलं असं गृहीत धरून गुन्हाच नोंदवायचा, नुसती मिसिंग नोंद करून थांबायचं नाही. तुमची नोंद त्याआधीची असेल तर या आदेशाचा हवाला देऊन गुन्हा नोंदवण्याचा लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्या, तोंडी बोलून परत येऊ नका. 1098 या मुलांच्या मदत क्रमांकावर माहिती द्या आणि हरवलेल्या मुलांच्या सरकारी नोंदणीत (पूर्वीचं ट्रॅकचाइल्ड, आता मिशन वात्सल्य) मुलाची माहिती चढली आहे ना, हे ठाण्यात विचारून पक्कं करा.

दुसरं, दादा आणि वहिनी दोघांच्या डीएनएचे नमुने घेऊन ते या प्रकरणात जपून ठेवावेत, असं तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा. आईवडील दोघांचे नमुने असले तर उत्तर फार पक्कं येतं. इथे मला एक गोष्ट मनापासून खटकते ती सांगतो. अनोळखी मृतांचे डीएनए एका जागी आणि हरवलेल्यांच्या नातेवाइकांचे दुसऱ्या जागी ठेवून ते आपोआप ताडून पाहायची सोय देशभरासाठी व्हावी, असं एका विधेयकात होतं. 2019 मध्ये ते लोकसभेत आलं आणि 2023 च्या जुलैमध्ये सरकारने मागे घेतलं. त्याला विरोध करणाऱ्यांच्या शंका, माणसाची खाजगी माहिती सरकारच्या हाती जाण्याच्या, मला पटतात. गुन्हेगारांची यादी आणि हरवलेल्या मुलांची यादी एकाच विधेयकात बांधली, तिथेच घोळ झाला, असं माझं मत आहे. हरवलेल्या मुलांसाठी वेगळा, साधा कायदा करा, त्याला कोण आई नाही म्हणेल? तोवर आपल्याला एकेका प्रकरणात कागद पुढे सरकवावा लागतो.

तिसरं घरातलं आहे आणि ते वहिनींनीच करायचं आहे. आपल्याकडे बाळाची नाळ गळून पडली की ती वाळवून फडक्यात बांधून ठेवतात. जावळ ठेवतात. पहिला करदोडा, वाळे, पायातले मोजे ठेवतात. तसं काही ट्रंकेत असेल तर त्याला पाणी लावू नका, उन्हात घालू नका, हात लावावा लागला तर स्वच्छ धुतलेल्या, कोरड्या हाताने लावा. प्रत्येक वस्तू वेगळ्या कागदी पाकिटात घाला, वर काय आहे आणि कोणी कधी ठेवलं ते लिहा. वाळलेल्या नाळेतून डीएनए निघू शकतो. खुद्द मुलाच्या शरीराचा तो अंश आहे, तेव्हा उद्या आईवडील नसले तरी त्याच्याशी ताडून पाहता येईल.

चौथं, वहिनींना शेजारी बसवा आणि त्या सांगतील ते जसंच्या तसं वहीत उतरवून घ्या. अंगावर तीळ कुठे, भाजल्याचा, पडल्याचा व्रण कुठे, केसात भोवरा एक की दोन, दात किती आले होते, कान टोचलेले होते का आणि कोणत्या बाजूचे. जत्रेच्या दिवशी अंगात काय होतं, ते कोणी शिवलं होतं, बटणं कसली होती. करदोडा होता का, कोणी वळला होता, त्यात काय ओवलं होतं, गाठ कुठे आणि कशी मारली होती. एका बैठकीत सगळं आठवणार नाही, आठवेल तसं भर घालत जा. हे दुसरं कोणी सांगू शकणार नाही. त्या वहीची एक प्रत अर्जासोबत ठाण्यात द्या, एक घरी ठेवा आणि एक माझ्यासाठी संपादकांच्या पत्त्यावर पाठवा. माझ्याबरोबरचे जे कोणी अजून नोकरीत आहेत, त्यांच्याकडच्या जुन्या अकस्मात मृत्यू रजिस्टरांत आणि मुद्देमालाच्या याद्यांत त्यातल्या खुणा शोधायला मी स्वतः सांगेन.